लुदियेचं घर, प्रिस्किल्लेचं दुकान : पौलाच्या वाटेवरचे ग्रीसचे दिवस

सोमवार : कावाला

थेसालोनिकीहून बसने दोन-अडीच तासांत कावाला येतं. डोंगराच्या उतारावर वसलेलं गाव, खाली बंदर आणि बंदरात थासोस बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटी. इसवी सन ४९ किंवा ५० मध्ये या बंदराचं नाव नियापोलिस होतं. ख्रिस्ताची शिकवण सांगत फिरणारा पौल आणि त्याचे सोबती सीला आणि तरुण तीमथ्य इथेच जहाजातून उतरले. सोबत लूकही असावा, कारण बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातली हकिगत त्रोवसपासून एकाएकी ‘आम्ही’ अशी सुरू होते. त्रोवस म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा वायव्य किनारा. तिथे पौलाला रात्री दृष्टांत झाला : एक मासेदोनी माणूस उभा राहून, इकडे या आणि आम्हाला मदत करा, अशी विनवणी करतो आहे. लगेच त्यांनी जहाज गाठलं. वारा चांगला होता, समथ्राके बेटावर एक मुक्काम करून ते दोन दिवसांत इथे पोचले. काही वर्षांनी पौल याच पाण्यातून उलट दिशेने गेला तेव्हा पाच दिवस लागले.

बंदराजवळच्या संत निकोलसच्या चर्चबाहेर या उतरण्याचं मोठं मोझेक आहे. ही वास्तू मुळात ओटोमन काळातली मशीद, विसाव्या शतकात तिचं चर्च झालं. गावातून जाणारा उंच कमानींचा जलसेतूही ओटोमन काळातलाच. म्हणजे पौलाच्या डोळ्यांनी पाहिलेलं असं इथे डोंगर आणि समुद्र एवढंच. ताईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, तेवढं पुरलं. आम्ही दोघी नगरच्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, वाढलो. पौलाच्या प्रवासाचा नकाशा संडे स्कूलच्या भिंतीवर रोज पाहिलेला. त्यातल्या तांबड्या रेघेवर प्रत्यक्ष उभं राहायचं, ही इच्छा तिची.

माझा प्रश्न थोडा वेगळा होता. रोमच्या साम्राज्यात देवळं, देव, गुरू आणि तत्त्वज्ञ यांची काहीच वाण नव्हती. अशा ठिकाणी, हातात ना पैसा ना सत्ता असलेल्या या तीन-चार माणसांची शिकवण रुजली कशी? चमत्कारांच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या होत्या. मला पाहायच्या होत्या त्या जागा, जिथे ही शिकवण बसून ऐकली गेली.

संध्याकाळी शहराच्या वरच्या अंगाला, संत सीलाच्या नावाने असलेल्या मठापर्यंत गेलो. तिथे जुन्या ‘विया इग्नाशिया’चा दगडी तुकडा दिसतो. हा रोमन राजमार्ग ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात बांधायला घेतला. एड्रियाटिक समुद्रापासून बायझँटियमपर्यंत, म्हणजे आजच्या इस्तंबूलपर्यंत, सुमारे १,१२० किलोमीटर. सैन्य लवकर हलवता यावं म्हणून तो बांधला. त्यावरून पुढे व्यापारी चालले, पत्रं चालली, आणि सुवार्ताही, म्हणजे ख्रिस्ताची शिकवणही, चालली.

मंगळवार : फिलिप्पै

कावालाहून फिलिप्पै १५ किलोमीटरच्या आसपास. द्रामाकडे जाणारी बस अवशेषांजवळ सोडते. हे शहर अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप याने ख्रिस्तपूर्व ३५६ मध्ये आपल्या नावाने वसवलं. ख्रिस्तपूर्व ४२ मध्ये इथल्याच मैदानावर अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांनी सीझरच्या मारेकऱ्यांचा, ब्रूटस आणि कॅशियसचा, पराभव केला. मग निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन रोमन वसाहत केली. त्यामुळे ग्रीसमध्ये असूनही इथले शिलालेख मोठ्या संख्येने लॅटिनमध्ये आहेत. हे लक्षात ठेवलं की पौलाच्या हकिगतीतला रोमन नागरिकत्वाचा भाग नीट कळतो.

रंगमंडल पाहिलं, चौक पाहिला. चौकाचे आजचे अवशेष मुख्यतः दुसऱ्या शतकातले, म्हणजे पौलानंतरचे. ‘पौलाचा तुरुंग’ म्हणून दाखवतात ती मुळात पाण्याची टाकी असल्याचं पुरातत्त्वज्ञ सांगतात. पण विया इग्नाशियाचे दगड खरे आहेत आणि त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या बोटाने चाचपता येतात.

आम्ही जास्त वेळ घालवला तो अवशेषांच्या पश्चिमेला, लुदियेच्या नावाच्या वस्तीपाशी. तिथे ओढ्याकाठी उघड्यावरच बाप्तिस्म्यासाठी पायऱ्या बांधल्या आहेत, शेजारी १९७४ सालचं अष्टकोनी चर्च आहे. पाणी थंड, वेगाने वाहणारं, काठाला मोठी झाडं. फिलिप्पैमध्ये यहुद्यांचं सभास्थान नसावं, कारण शब्बाथवारी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, पौल वेशीबाहेर नदीकाठी गेला, तिथे प्रार्थनेला जमलेल्या बायकांशी खाली बसून बोलू लागला. युरोपातल्या या कामाची हकिगत सुरू होते ती अशी : व्यासपीठ नाही, पुरुषांची सभा नाही, नदीकाठी बसलेल्या बायका.

त्यांतली एक लुदिया. गाव थुवतीरा, म्हणजे तीही समुद्रापलीकडची, धंदा जांभळ्या कापडाचा. जांभळा रंग महाग, गिऱ्हाईक श्रीमंत, तेव्हा बाई सुस्थितीतली असणार. नवऱ्याचा उल्लेख नाही, घर तिचं म्हणूनच सांगितलं आहे. तिने आणि तिच्या घरच्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पाहुण्यांना आग्रह करकरून आपल्या घरी नेलं. एवढी साधी वाक्यं, पण माझ्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मला त्यांत मिळालं. रोमन काळात ‘घर’ म्हणजे चार भिंती नव्हेत. त्यात नातेवाईक येत, गुलाम येत, मुक्त केलेले गुलाम आणि दुकानात राबणारी माणसं येत, शिवाय घराच्या आश्रयाला असलेली कुटुंबं येत. एका घरमालकिणीने दार उघडलं की शिकवण एकदम वीस-तीस माणसांच्या कानावर पडायची, आणि तीही रोजच्या जेवणाच्या, कामाच्या जागी.

याच गावात दुसरी एक बाई आहे, तिचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. भविष्य सांगणारी एक गुलाम मुलगी. मालकांची तिच्यावर चांगली कमाई होती. पौलाने तिच्यातला आत्मा काढला आणि कमाई बुडाली. मालकांनी पौल आणि सीलाला चौकात ओढलं, अधिकाऱ्यांपुढे उभं केलं. आरोप कमाईचा नव्हता, तर ‘हे यहुदी आपल्या शहरात गडबड करतात, रोमन लोकांना न चालणारे रिवाज शिकवतात’ असा होता. छड्या बसल्या, पाय खोड्यात अडकवले, रात्री भूकंप झाला, तुरुंगाधिकाऱ्याने जखमा धुतल्या आणि घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला. सकाळी पौलाने आपलं रोमन नागरिकत्व सांगितल्यावर अधिकारी घाबरून माफी मागायला आले. ही गोष्ट संडे स्कूलमध्ये अनेकदा ऐकलेली. पण ओढ्याकाठी बसून ताईने विचारलं, “अगं, त्या मुलीचं पुढे काय झालं गं?” मालकांना आता निरुपयोगी झालेल्या गुलाम मुलीचं काय होत असेल? पुस्तक तिच्याकडे परत वळत नाही. तुरुंगातून सुटल्यावर पौल आणि सीला लुदियेच्या घरी गेले, तिथे जमलेल्या बंधूंना भेटले, म्हणजे तोवर मंडळी तयार झाली होती. त्या मंडळीने त्या मुलीला जवळ केलं असेल अशी मला आशा आहे. आशा एवढंच म्हणता येतं.

दुपारी ‘अष्टकोन’ पाहिला. हे पाचव्या शतकातलं भव्य चर्च, पण त्याच्या खालून एक जुना, साधा प्रार्थनेचा दिवाणखाना निघाला. त्याच्या मोझेकवर ग्रीक लेख आहे : बिशप पोर्फिरियोसने पौलाच्या बासिलिकेची, म्हणजे चर्चची, ही फरशी ख्रिस्तामध्ये करवून घेतली. पोर्फिरियोस चौथ्या शतकातला. म्हणजे ज्या गावाने छड्या मारल्या त्याच गावात तीनशे वर्षांच्या आत पौलाच्या नावाची वास्तू उभी राहिली. भव्य दगडी बासिलिका नंतर आल्या, एकीचा घुमट तर बांधकाम पुरं होण्याआधीच कोसळला असं सांगतात. मला त्या लहान फरशीपाशीच जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

फिलिप्पैच्या मंडळीला पौलाने पुढे लिहिलेल्या पत्रात युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांची नावं आहेत. त्यांच्यात काहीतरी बिनसलेलं होतं. पौल त्यांना समेट करायची विनंती करतो आणि सांगतो की सुवार्तेच्या कामात या दोघी माझ्या बरोबरीने झटल्या. ही मंडळी त्याला पैसेही पाठवत राहिली, थेसालोनिकीत असताना एकापेक्षा जास्त वेळा.

बुधवार : अंफिपोलिसमार्गे थेसालोनिकी

फिलिप्पै ते थेसालोनिकी, वाटेत अंफिपोलिस आणि अपुल्लोनिया, सुमारे दीडशे किलोमीटर. पुस्तक हे अंतर एका वाक्यात संपवतं. आम्ही वाटेत अंफिपोलिसच्या दगडी सिंहापाशी थांबलो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला हा सिंह, स्त्रिमोन नदीच्या काठी. खिडकीतून रस्ता पाहताना माझ्या मनात एकच गोष्ट होती : पौल आणि सीला हे अंतर छड्यांनी फोडलेल्या पाठींनी गेले. थेसालोनिकीकरांना लिहिताना पौल त्याची आठवण काढतो : फिलिप्पैमध्ये आमचा अपमान झाला, आम्ही सोसलं, तरी तुमच्याकडे येऊन बोलायचं धैर्य देवाने दिलं.

गुरुवार : थेसालोनिकी

सकाळी बुगात्सा खाऊन निघालो. कुरकुरीत पापुद्र्यात मलईसारखं गोड सारण, वर दालचिनी. थेसालोनिकीच्या सकाळीला हे शोभतं.

हे शहर ख्रिस्तपूर्व ३१५ मध्ये कॅसँडरने वसवलं, नाव दिलं बायकोचं. ती अलेक्झांडरची सावत्र बहीण. रोमन काळात ही मासेदोनिया प्रांताची राजधानी, राजमार्गावरची आणि समुद्रकाठची. इथे यहुद्यांचं सभास्थान होतं, आणि पौल आपल्या रिवाजाप्रमाणे तिथे गेला. सलग तीन शब्बाथ शास्त्रातले उतारे घेऊन त्याने वाद घातला. काही यहुदी, देवाला मानणारे पुष्कळ ग्रीक आणि गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित बायका वळल्या.

‘देवाला मानणारे ग्रीक’ हा वर्ग समजून घेतल्याशिवाय या प्रसाराची गती कळत नाही. साम्राज्यातल्या बहुतेक मोठ्या शहरांत यहुदी वस्ती होती. त्यांच्या सभास्थानात असे अनेक बिगरयहुदी येत, ज्यांना एकच देव आणि कडक नीती पटायची, पण सुंता आणि खाण्यापिण्याचे नियम स्वीकारून पूर्ण यहुदी होणं जमत नसे. शास्त्र त्यांनी ऐकलेलं होतं, तेही ग्रीकमध्ये, कारण त्याचं भाषांतर अलेक्झांड्रियात फार पूर्वीच सुरू झालं होतं. पौल त्यांना सांगत होता की अट आता उरलेली नाही, तुम्ही आहात तसे आत या. जमीन नांगरलेली होती, ती यहुदी सभास्थानांनी. ख्रिस्ती माणसाने हे ऋण मोकळेपणाने मानायला हवं.

ते मानायची वेळ इथे लगेच येते. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेले यहुदी या शहरात आले, पुढची काही शतकं हे त्यांच्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. १९४३ मध्ये नाझींनी इथल्या ४०,०००हून अधिक यहुद्यांना आगगाड्यांत कोंबून ऑशवित्झला नेलं. जुनी दफनभूमी उखडली गेली, तिच्या जागेवर आज विद्यापीठ आहे. समुद्राजवळच्या चौकात स्मारक आहे. ताईने तिथे प्रार्थना केली. पौलाचा माग काढायला येणाऱ्या यात्रेच्या गाड्या या स्मारकापाशीही थांबायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

पौल इथे यासोन नावाच्या माणसाकडे उतरला होता. पुन्हा घरच. विरोधकांनी गुंड जमवून त्या घरावर चाल केली. पौल सापडला नाही म्हणून यासोनालाच नगराधिकाऱ्यांपुढे ओढलं : सगळ्या जगाची उलथापालथ करणारे इथेही आले आहेत, कैसराच्या हुकमाविरुद्ध, येशू नावाचा दुसराच राजा आहे असं म्हणतात. यासोनाने जामीन दिला आणि पाहुण्यांना रातोरात गावाबाहेर काढावं लागलं. पाहुणा निघून जातो, यजमान मागे राहतो. ज्यांना त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांत दुकान चालवायचं होतं, त्यांनी किती धोका पत्करला याचा हिशेब आपण क्वचितच करतो.

पौलाने इथे हाताने काम केलं. तुमच्यावर भार नको म्हणून आम्ही रात्रंदिवस राबत होतो, असं तो त्यांना लिहितो. ते पत्र, थेसालोनिकीकरांस पहिलं पत्र, करिंथहून इसवी सन ५०-५१च्या सुमारास लिहिलेलं. आज हातात असलेल्या ख्रिस्ती लिखाणात बहुतेक अभ्यासक त्यालाच सर्वांत जुनं मानतात, चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. त्याच्या शेवटी पौल शपथ घालून सांगतो की हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवा. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. एकाने वाचायचं, खोलीभर माणसांनी ऐकायचं, मग प्रश्न आणि चर्चा. गुरू दूर गेला तरी शाळा सुरू राहिली ती अशी. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. आमच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे तिच्या गावच्या मंडळीला पहिली कित्येक वर्षं देऊळ नव्हतं, कुणाच्या तरी ओसरीवर वाचता येणारा एकजण वचन वाचायचा आणि बाकीचे पाठ करायचे.

दुपारी रोमन चौक, मग गॅलेरियसची कमान आणि तिच्याजवळची गोल इमारत, रोटुंडा. गॅलेरियस हा ख्रिस्ती लोकांच्या शेवटच्या मोठ्या छळामागचा सम्राट. रोटुंडा त्याने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला उभारली. ३११ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, त्यानेच छळ थांबवण्याचा हुकूम काढला, आणि आमच्यासाठी तुमच्या देवाची प्रार्थना करा असंही त्यात म्हटलं. पुढे त्याच्या या इमारतीचं चर्च झालं, मग मशीद, मग पुन्हा चर्च. मिनार अजून उभा आहे. आत घुमटाखाली सोनेरी मोझेकमध्ये हात उंचावून प्रार्थना करणारे संत आहेत. यासोनाच्या घरावर चालून आलेल्या जमावापासून या सोनेरी संतांपर्यंत साधारण साडेतीनशे-चारशे वर्षं.

शुक्रवार : वेरिया

बायबलमधलं बिरुया ते आजचं वेरिया. बसने तासाभराहून थोडा जास्त प्रवास. शहरात पौलाचं स्मारक आहे, पायऱ्या आणि मोठी मोझेक. आम्हाला जास्त भावली ती त्रिपोतामोस नदीकाठची बार्बूता नावाची जुनी यहुदी वस्ती, लाकडी सज्जांची घरं आणि सभास्थान. तिथल्या माणसांनाही १९४३ मध्येच नेलं.

बिरुयाच्या यहुद्यांची पुस्तकात स्तुती आहे : ते थेसालोनिकीकरांहून मोठ्या मनाचे होते, त्यांनी वचन उत्सुकतेने ऐकलं आणि सांगितलं ते खरं आहे का, हे रोज शास्त्र उघडून ताडून पाहिलं. शिक्षकाचं म्हणणं ताडून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना लेखकाने उदार म्हटलं आहे. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे या ओळी मला फार प्रिय आहेत. पण थेसालोनिकीहून माणसं इथेही भडकवायला आली. पौलाला समुद्राकडे न्यावं लागलं, सीला आणि तीमथ्य मागे राहिले. पौल थांबू शकत नसे, म्हणून सोबत्यांनी थांबायचं, ही या कामाची पद्धतच पडली होती.

शनिवार

दिवसभर अथेन्सची बस. ऑलिंपस डावीकडे की उजवीकडे यावर आमचा थोडा वेळ गेला, बाकी झोप.

रविवार : अथेन्स

अरियोपाग ही अॅक्रोपोलिसच्या पायथ्याची उघडी टेकडी. दगड इतक्या पावलांनी गुळगुळीत झालाय की जुन्या पायऱ्यांवर पाय ठरत नाही, शेजारी लोखंडी जिना आहे. खाली खडकात पितळी पाटीवर पौलाचं भाषण ग्रीकमध्ये कोरलं आहे.

वरून दोन्ही बाजू दिसतात. एकीकडे पार्थेनॉन, दुसरीकडे जुनी अगोरा, म्हणजे बाजारचौक, आणि हेफेस्टसचं जवळजवळ अखंड देऊळ. पौल अगोरात रोज भेटेल त्याच्याशी बोलत होता. एपिकुरी आणि स्तोयिक तत्त्वज्ञांनी त्याला ऐकायला बोलावलं. ‘अज्ञात देवाला’ वाहिलेल्या वेदीचा धागा पकडून त्याने सुरुवात केली, आणि आपण देवाचे वंशज आहोत हे त्यांच्याच कवीचं, अराटसचं, वाक्य वापरलं. शास्त्रातला एकही उतारा दिला नाही, कारण ऐकणाऱ्यांना तो परका होता. श्रोता पाहून भाषा बदलणारा हा शिक्षक मला इथे सर्वांत जवळचा वाटतो. मेलेल्यांच्या पुनरुत्थानापाशी मात्र काहीजण हसले, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू. दियनुस्य नावाचा अरियोपागचा, म्हणजे या टेकडीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या न्यायसभेचा, सभासद, दामारी नावाची बाई आणि आणखी काहीजण विश्वासणारे झाले.

प्रवचनांतून अनेकदा ऐकलंय की अथेन्समध्ये पौल फसला, कारण त्याने तत्त्वज्ञान सांगितलं. मला हे पटत नाही. भाषण उत्तम आहे. अथेन्सच्या हकिगतीत नाही ते घर. कुणाकडे उतरला, कुणी जेवू घातलं, कुणाच्या दुकानात बसला, काहीच उल्लेख नाही. फिलिप्पैला लुदिया होती, थेसालोनिकीत यासोन. इथे श्रोते मिळाले, यजमान मिळाल्याचं दिसत नाही. पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांत अथेन्सच्या मंडळीला लिहिलेलं एकही नाही.

ताई टेकडीवर बसून भाषण मराठीत मोठ्याने वाचत होती. शेजारचे कोरियन यात्रेकरू थांबून ऐकत राहिले आणि मग त्यांनी तेच त्यांच्या भाषेत वाचलं.

सोमवार : करिंथ

अथेन्सहून उपनगरी गाडीने नवं करिंथ, तिथून टॅक्सीने जुनं. करिंथ रोमन सेनापती मुम्मियसने ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि ४४ मध्ये ज्युलियस सीझरने पुन्हा वसवलं. मुक्त गुलाम, कारागीर आणि व्यापारी यांचं, दोन समुद्रांच्या मधलं शहर. जुनी घराणी नव्हती, त्यामुळे नव्या माणसाला जागा होती. पौल इथे दीड वर्ष राहिला.

अपोलोच्या देवळाचे सात खांब लांबून दिसतात, एकेक खांब अखंड दगडाचा. पण मी ताईला आधी दुकानांच्या रांगेकडे नेलं. एकेक लहान खोली, रस्त्याकडे उघडं तोंड. पौल, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला अशाच एखाद्या गाळ्यात तंबू शिवत बसले असणार. क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोममधून जायला सांगितलं, म्हणून हे जोडपं नुकतंच इथे आलं होतं. धंदा एकच, म्हणून पौल त्यांच्याकडेच राहिला आणि कामाला लागला. सुईदोरा आवाज करत नाही. हात चालू ठेवून दिवसभर बोलता येतं, गिऱ्हाईक थांबतं, शेजारचा कारागीर डोकावतो. आठवड्यातून एकदा सभास्थान, बाकीचे दिवस हे दुकान. माझ्या मते या साऱ्या प्रसाराचं खरं विद्यालय हेच.

सभास्थानात वाद वाढल्यावर पौल शेजारच्या घरात शिकवू लागला, अगदी भिंतीला भिंत लागून. सभास्थानाचा अधिकारी क्रिस्प घरच्यांसह इकडे आला. शेवटी पौलाला प्रांताधिकारी गल्लियोपुढे न्यायासनासमोर उभं केलं. त्या दगडी चौथऱ्याचे अवशेष चौकाच्या मधोमध आहेत. गल्लियो म्हणाला, हा तुमच्या शास्त्राचा वाद आहे, तुम्हीच पाहा, आणि खटला फेटाळला. हा गल्लियो तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. डेल्फीला सापडलेल्या एका शिलालेखात त्याचं नाव क्लौद्याच्या पत्रात येतं. त्यावरून त्याचा कारभार ५१-५२च्या सुमाराचा ठरतो, आणि पौलाच्या आयुष्यातल्या जवळजवळ सगळ्या तारखा त्या खुंटीवर टांगल्या आहेत.

रंगमंडलाजवळच्या फरसबंदीवर लॅटिन लेख आहे : एरास्त नावाच्या माणसाने पद मिळाल्याबद्दल स्वखर्चाने ही फरशी घातली. पौलाने करिंथहून रोमकरांना लिहिलेल्या पत्रात ‘नगराचा खजिनदार एरास्त’ सलाम सांगतो. तोच हा, असं अनेकांना वाटतं, सगळ्यांना नाही. तो खजिनदार आणि गुलाम एकाच मंडळीत बसत होते एवढं मात्र पत्रांतून स्पष्ट आहे, आणि ते सोपं नव्हतं हेही. प्रभुभोजनाला जमल्यावर एकजण उपाशी राहतो तर दुसरा पिऊन तर्र होतो, म्हणून पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात रागावतो. श्रीमंताच्या घरातल्या भोजनगृहात तीन कोचांवर नऊजण रेलत, बाकीच्यांनी अंगणात बसायचं. मालक आणि त्याचे मित्र आधी जेवायचे, कामावरून उशिरा सुटणाऱ्यांना उरलंसुरलं. ज्या घराने सुवार्तेला आसरा दिला त्याच घराने आपली उतरंडही तिच्यात आणली. आपल्याकडच्या मंडळ्यांत जात कशी पंगतीला येऊन बसली, हे ठाऊक असलेल्या कुणालाही तो अकरावा अध्याय झोंबल्याशिवाय राहत नाही. मलाही झोंबतो. पौलाने यावर मंडळी मोडली नाही, एकमेकांसाठी थांबा, असं लिहिलं.

संग्रहालयात ‘इब्र्यांचं सभास्थान’ असा लेख असलेला दगड आहे, पौलाच्या काळाहून अलीकडचा. आणि अस्क्लेपियस या वैद्यदेवाच्या देवळात नवसाने वाहिलेले ख्रिस्तपूर्व काळातले मातीचे हात, पाय, कान. वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय वाहतात तेच हे. ताई काचेपाशी बराच वेळ उभी होती. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे.

मंगळवार : केख्रिएस

सकाळी करिंथचा कालवा पाहिला, ६.३ किलोमीटर लांब, १८९३ मध्ये खुला झालेला. नीरोने इसवी सन ६७ मध्ये तो खणायला सुरुवात केली होती. मग केख्रिएस, बायबलमधलं किंख्रिया, करिंथचं पूर्वेकडचं बंदर. तटबंदी नाही, तिकीट नाही. धक्क्याच्या भिंती आणि एका जुन्या चर्चचा पाया समुद्रात अर्धे बुडालेले, पाण्यातून स्पष्ट दिसतात. मुलं त्यांवरून उड्या मारून पोहत होती.

या लहान गावच्या मंडळीत फिबी होती. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी पौल तिला मंडळीची सेविका म्हणतो, अनेकांना आणि मलाही तिने आधार दिला असं सांगतो, आणि रोमच्या लोकांना तिचं स्वागत करायची विनंती करतो. ते पत्र रोमला नेणारी तीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सरकारी टपाल खासगी माणसांसाठी नव्हतं, पत्र कुणीतरी विश्वासाचं हाताने न्यायचं. वाचताना शंका आली तर उत्तर देणंही नेणाऱ्याकडे आलं असणार. साठेक वर्षांनी, ११२च्या सुमारास, बिथुनियाचा, म्हणजे आजच्या वायव्य तुर्कस्तानातल्या प्रांताचा, अधिकारी प्लिनी सम्राट ट्रेजनला लिहितो की ही श्रद्धा शहरांतच नव्हे तर खेड्यांत आणि शेतांतही पसरली आहे. माहिती काढायला त्याने छळ केला तो दोन गुलाम बायकांचा. त्यांच्या मंडळीत त्यांनाही सेविका म्हणत. त्यांचीही नावं त्याने लिहिली नाहीत.

याच बंदरातून पौल अक्विल्ला आणि प्रिस्किल्लेला घेऊन आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसला निघाला. पौल पुढे गेला, ती दोघं तिथेच थांबली. अपुल्लो नावाचा विद्वान वक्ता तिथे आला, तेव्हा त्याला घरी नेऊन जास्त नीट शिकवलं ते या जोडप्याने, आणि त्या ठिकाणी प्रिस्किल्लेचं नाव आधी येतं. इफिसमध्येही त्यांच्या घरी मंडळी भरू लागली, आणि पुढे ते रोमला परतल्यावर तिथेही. शिलाई कुठेही नेता येते, सामान फार लागत नाही.

इफिसला पुढच्या वर्षी जायचं ताईने बसमध्येच ठरवून टाकलं. तिथे पौलाने दोन वर्षं तुरन्नाच्या पाठशाळेत रोज वाद घातला, आणि अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांवर पोट असलेल्या रुपेकारांनी गावभर दंगा केला. फिबी मात्र इथून उलट दिशेला गेली असणार : इटलीची जहाजं संयोगभूमीच्या पलीकडच्या लेखायोन बंदरातून सुटत, तेव्हा पत्र घेऊन तिला आधी करिंथ ओलांडून जावं लागलं असेल. आम्हीही त्याच रस्त्याने परत आलो.